पस्तिशीनंतर रविवारच्या फुटबॉल टीममध्ये शिरायचं कसं?

मी कोल्हापूरचा. त्यामुळे मला फुटबॉल येतच असणार, असं पुण्यातल्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालमीच्या संघाची मॅच असली की घसा बसेपर्यंत ओरडलोय हे खरं. पण गॅलरीत बसून रेफ्रीला अक्कल शिकवणं वेगळं आणि स्वतःच्या पायात बॉल आल्यावर त्याचं काय करायचं ते वेगळं. प्रत्यक्ष खेळायला लागलो ते पुण्यात, पस्तिशी उलटल्यावर, शर्टाची खालची बटणं कुरकुरायला लागल्यावर. आता ऑफिसातले, सोसायटीतले लोक विचारतात, "आम्हालाही यायचंय, पण कसं काय असतं?" प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच क्रमानं लिहून टाकतो.

एक गोष्ट आधी. जिमला तुम्ही गेलात काय, न गेलात काय, फरक पडत नाही. फी भरलेली असते. पाच-पाचच्या खेळात मात्र एक जण आला नाही की समोर पाच आणि इकडे चार होतात, आणि सकाळी सहाला फोन वाजतो, "कुठायस?" त्या फोनापायी माणूस अंथरुणातून उठतो. मोठेपणी टीममध्ये खेळण्याचा सगळा फायदा या उठण्यात आहे. म्हणून बूट घेताना, टीम निवडताना, घरी बोलताना एकच प्रश्न विचारायचा: यानं माझी हजेरी टिकेल का?

फायदा नक्की किती?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा व्यायाम सांगते. शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. टर्फवरच्या (म्हणजे तासावर भाड्यानं मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानावरच्या) तासाभरातून पाणी, वाद आणि गोलकीपिंगची पाळी वजा केली तर पाऊण तास खरी धावाधाव होते. म्हणजे नुसता रविवार पुरत नाही. मधे एक बुधवार पकडलात तर हिशेब जुळतो.

कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांहून जास्त लोकांवर सुमारे २५ वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. बैठ्या लोकांच्या तुलनेत टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले ६.२, फुटबॉलवाले ४.७, जॉगिंगवाले ३.२ आणि हेल्थ क्लबात व्यायाम करणारे १.५. सोबतीनं खेळायचे खेळ वर आहेत, हे डोळ्यांत भरतं. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. टेनिस खेळणारा माणूस मुळातच खाऊनपिऊन सुखी असू शकतो, तेव्हा 'फुटबॉल खेळा, पावणेपाच वर्षं मिळवा' असं कुणाला सांगत सुटू नका. त्याच वर्षी अमेरिकेतल्या १२ लाख लोकांच्या माहितीवरून मनःस्वास्थ्याचा अभ्यास झाला. त्यात मन वाईट असल्याचे दिवस सगळ्यात कमी झालेले दिसले ते सांघिक खेळ खेळणाऱ्यांत, साधारण २२ टक्क्यांनी. सायकलवाले त्यांच्या अगदी पाठोपाठ होते, हेही सांगायला हवं.

माझ्यापुरतं म्हणाल, तर ऑफिसबाहेरची नवी ओळख होणं तिशीनंतर जवळपास बंद झालं होतं. टर्फवर एक रिक्षाचालक, दोन सीए, एक दातांचा डॉक्टर आणि बारावीतला एक पोरगा माझ्या टीममध्ये आहेत. पोरगा मला "काका, पास द्या की" म्हणतो. कुणाचा पगार किती, हे तिथं कुणी विचारत नाही.

१. आधी शरीराची चौकशी

फॅमिली डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा: "फुटबॉल सुरू करतोय, धावून थांबायचं, परत धावायचं असतं." 'जरा व्यायाम करणार आहे' एवढंच सांगितलंत तर ते चालण्याचाच विचार करतील. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी एवढं करून घ्या. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, किंवा जिना चढताना छातीत दडपण, भोवळ, विचित्र धडधड असं काही होत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय मैदानावर पाय ठेवू नका. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळं माफ, असं नसतं.

डॉक्टरांनी हो म्हटलं तरी लगेच मॅच नको. महिनाभर भरभर चालणं, मग चालणं-पळणं आलटून पालटून. न थांबता वीस मिनिटं हळू पळता यायला लागलं की या.

२. टीम शोधायची कुठं?

सोसायटीचा ग्रुप, ऑफिस, कॉलेजचे जुने मित्र, प्लेओसारखं खेळायला सोबती शोधून देणारं अॅप, हे सगळे मार्ग चालतात. पण सगळ्यात खात्रीचा माणूस म्हणजे टर्फचा मॅनेजर. कुठला ग्रुप कुठल्या स्लॉटला येतो, कुणाकडे नेहमी एखादा कमी पडतो, कोण भांडतं, कोण पैसे बुडवतं, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला नंबर देऊन ठेवा. नाहीतर रविवारी सकाळी साडेसहाला बूट घालून जाळीबाहेर उभे राहा. कुणीतरी टांग दिलेलीच असते आणि आतून हाक येते, "खेळणार का? एक कमी आहे."

कोल्हापुरात असाल तर तालमीची पोरं (तिथले बहुतेक संघ तालमींचेच असतात) ओळखीची असतीलच, पण त्यांच्या मुख्य संघाच्या सरावात घुसू नका. तो खेळ वेगळाच आहे. गोव्यात फुटबॉल हा २०१२ पासून अधिकृत राज्य खेळ आहे, गावोगावी मैदानं आहेत, तिथं तुम्हाला या लेखाची फारशी गरज नाही.

३. टीम निवडताना काय बघायचं?

शक्यतो पहिल्या दिवशी खेळू नका, बाहेरून एक तास बघा. गोल कोण मारतो याकडे लक्ष देऊ नका. टीममधल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूवर नजर ठेवा. त्याच्या पायातून बॉल सुटला की काय होतं? "चालतंय, चालतंय, मागे ये" असा आवाज आला तर टीम चांगली. दोन हात पसरून आकाशाकडे बघणारे तीन-चार जण दिसले, तर दोन महिन्यांत त्या कच्च्या खेळाडूच्या जागी तुम्ही असणार आहात हे ओळखा. आणखी वाईट म्हणजे त्याला कुणी पासच देत नाही. तासभर नुसतं धावून घरी जाणारे असे लोक मी पाहिलेत. ते तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर दिसत नाहीत.

मग अंतर. घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडची उत्तम टीम आणि कोपऱ्यावरची बरी टीम यांत मी डोळे झाकून कोपऱ्यावरची घेईन. पावसाळ्यात, थंडीत, आदल्या रात्री लग्नाला जाऊन आल्यावर, तेव्हाही पोहोचता आलं पाहिजे.

वय बघा. एखाददुसरा पोरगा असला तर चालतो. सगळेच विशीतले असले की तुम्ही त्यांच्या वेगाशी बरोबरी करायला जाता आणि मांडीचा मागचा स्नायू हात जोडतो.

'हरेल त्यानं टर्फचे पैसे द्यायचे' ही पद्धत जिथं आहे तिथून लांब राहा. शे-दोनशे रुपयांसाठी थ्रो-इन कुणाचा यावर दहा मिनिटं जातात, टॅकल जोरात बसतात आणि चुकणाऱ्यावर सगळे खेकसतात.

बायकांसाठी एक वेगळी सूचना, ती माझ्या टीममधल्या दोघींनी सांगितलेली: स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा आधी स्वतः जाऊन बघा, फोनवर 'आहे' म्हणतात त्यावर विसंबू नका. मिश्र टीममध्ये एकटीनं जाण्यापेक्षा मैत्रिणीला घेऊन जा. आणि 'लेडीजला सोडून द्या रे' म्हणत बॉल काढून न घेणारे पुरुष असतील, तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की नीट खेळा.

४. सामान

बुटांवर सगळ्यात जास्त विचार करा. टर्फ म्हणजे कृत्रिम गवत आणि त्यात रबराचे बारीक दाणे. त्यासाठी तळाला खूप सारे छोटे रबरी दाणे असलेले बूट मिळतात. दुकानात 'टीएफ' म्हणून मागा. लांब स्टड्सचे 'एफजी' बूट खऱ्या गवतासाठी असतात. कृत्रिम गवतात ते रुततात, पाऊल जागीच राहतं आणि अंग वळतं. मग गुडघ्यातल्या अस्थिबंधाचं जे होतं त्याला ऑपरेशन आणि बरेच महिने लागतात. बऱ्याच टर्फवर ते घालूच देत नाहीत. रनिंग शूज घालून खेळणारे तर घाऊक भेटतात. ते बूट सरळ पळण्यासाठी केलेले असतात, टाच उंच आणि मऊ. बाजूला झटकन वळलात की घोटा मुरगळतो. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं, आणि ज्या मोज्यांत खेळणार तेच घालून माप बघा.

बाकीचं थोडक्यात:

- शिनगार्ड. 'आपण काय प्रोफेशनल आहोत का' म्हणून लोक घालत नाहीत. नडगीवर एक बसली की घालतात.
- गुडघ्याखालपर्यंत मोजे. टर्फवर घसरलात तर कातडी सोलवटते. सोलवटलंच तर साबणपाण्यानं नीट धुवा.
- एक गडद आणि एक फिका टी-शर्ट. बिब (टीम ओळखू यावी म्हणून वरून घालायच्या रंगीत बंड्या) कमी पडतात, आणि असतात त्यांचा वास घेऊ नये.
- मोठी पाण्याची बाटली, स्वतःची.
- चष्मा असेल तर पट्टा किंवा स्पोर्ट्स गॉगल. अंगठी, कडं घरी ठेवा. नखं कापलेली हवीत.

बॉल, बिब, पंप ग्रुपचे असतात. गोलकीपरचे ग्लोव्ह्ज लगेच घेऊ नका. ज्याच्याकडे ग्लोव्ह्ज त्याला कायमचं गोलमध्ये उभं करतात.

५. कागदपत्रं

रविवारच्या ग्रुपला काही लागत नाही. तरी तुमचा रक्तगट, घरच्यांचा नंबर आणि काही औषधं चालू असतील तर त्यांची नावं दोघांना तरी कळवून ठेवा. फोन लॉक असताना दिसेल असा आपत्कालीन संपर्क भरून ठेवा.

हौशी स्पर्धांना आधार कार्ड, फोटो आणि 'दुखापत झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत' असा एक फॉर्म मागतात. ऑफिसांच्या स्पर्धेला कंपनीचं ओळखपत्र, चाळिशीच्या वरच्यांच्या स्पर्धेला जन्मतारखेचा पुरावा. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या किंवा मुंबईच्या लीगमध्ये क्लबकडून उतरायचं असेल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीवर खेळाडू म्हणून नोंदणी करावी लागते. ती तुम्हाला त्या क्लबशी बांधते, म्हणून मित्राच्या आग्रहाखातर 'नुसतं नाव टाक' ला हो म्हणू नका.

आरोग्य विम्याची पॉलिसी एकदा काढून वाचा. साहसी खेळांतल्या दुखापतीचा खर्च नाकारणारी नेहमीची अट व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी असते. हौशी फुटबॉलमधली दुखापत सहसा त्या अटीत येत नाही. शंका असेल तर विमा कंपनीला ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं.

६. पैसे

टर्फचा दर शहर, वेळ आणि दिव्यांवर ठरतो. संध्याकाळ महाग, दुपार स्वस्त (आणि एप्रिलच्या दुपारी कृत्रिम गवत तव्यासारखं तापतं, तेव्हा त्या स्वस्ताईला भुलू नका). ताशी १२०० रुपये धरले आणि बारा जण आले तर डोक्यावर १०० पडतात. नऊच आले तर १३३. म्हणून ग्रुपचा नियम विचारा: आदल्या दिवशी 'इन' लिहून न येणाऱ्याकडून पैसे घेतात का? घेत असतील तर ग्रुप टिकणारा आहे.

वर्षाची फी एकदम मागणाऱ्या कुठल्याही 'अॅकॅडमी'ला पहिल्या महिन्यात पैसे देऊ नका. स्पर्धांच्या एंट्री फीबाबतही सावध. आमच्या टीमनं एका आयोजकाला पूर्ण फी आधी दिली होती. स्पर्धा दोनदा पुढे ढकलली गेली आणि मग त्याचा फोनच लागेना. अर्धे आगाऊ, अर्धे मैदानावर, हा आता आमचा नियम आहे.

७. पहिला रविवार

पंधरा-वीस मिनिटं आधी जा. कॅप्टनला सरळ सांगा, "नवीन आहे, स्टॅमिना कमी आहे, मागे खेळवा." नियम विचारून घ्या, कारण प्रत्येक टर्फचा कायदा वेगळा असतो: बाजूच्या जाळीला लागून आलेला बॉल चालू की बंद? थ्रो-इन हातानं की पायानं? स्लाइड (घसरत येऊन बॉल काढणं) चालते का? (चालत असेल तर टीम बदला.) ऑफसाइड बहुतेक कुठेच नसतो.

गोलमध्ये कायमचा कुणी उभा राहत नाही, पाळी असते. बऱ्याच ठिकाणी 'गोल खाल्ला की किपर बदल'. नवीन माणसानं पहिली पाळी स्वतःहून घ्यावी. मागून सगळा खेळ दिसतो, कोण कुठं पळतो ते कळतं, दम साठतो, आणि टीमला तुम्ही लगेच आवडता.

मैदानावर आल्यावर मोठ्यानं बोला. बॉल घेणाऱ्याच्या मागे कुणी धावत येत असेल तर "पाठीवर!" आणि मोकळा असेल तर "टाइम आहे!" एवढे दोन शब्द वेळेवर ओरडलात तरी तुम्ही टीमच्या उपयोगाचे आहात, पायात कला असो वा नसो. बॉल आला की दोन स्पर्शांत जवळच्याला द्या. ड्रिबल करायचा, म्हणजे बॉल पायात घेऊन एकेकाला चुकवत जायचा मोह पहिला महिनाभर आवरा. आणि पाच-सात मिनिटांनी स्वतःहून हात वर करून बाहेर या; दम लागून कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला माणूस मैदानावर असून नसल्यासारखा.

८. वॉर्मअप आणि दुखापती

टर्फचा तास मोजून पैसे दिलेले असतात, त्यामुळे वॉर्मअपला कुणी वेळ देत नाही. हा सगळ्यात मोठा सापळा. फिफाच्या वैद्यकीय केंद्रानं हौशी खेळाडूंसाठी '११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार केला आहे: हळू धावणं, मग ताकद-तोल-उड्या, मग वेगानं धावणं आणि वळणं. नियमानं केल्यावर दुखापती बऱ्याच कमी होतात हे तपासलेलं आहे. पार्किंगमध्ये करा, लाज बाळगू नका. त्यातला एक व्यायाम घरी आठवड्यातून दोनदा जमतो: सतरंजीवर गुडघ्यांवर ताठ उभे राहा, कुणालातरी घोटे दाबून धरायला सांगा आणि कमरेत न वाकता हळूहळू पुढे झुका. पहिल्यांदा वीतभर झुकल्यावरच हात टेकवावे लागतील. मांडीचा मागचा स्नायू यानं वाचतो.

घोटा मुरगळला तर खेळ तिथंच थांबवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्स-रे. गरम तेलाची मालिश नको, आणि 'ओढून बसवून देतो' म्हणणाऱ्याकडे तर नकोच.

धावता धावता टाचेच्या वर मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं, फट्कन आवाज आला आणि वळून बघता तर मागे कोणीच नाही, तर ती अकिलीसची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी, तुटलेली असू शकते. तिशी ते पन्नाशीतल्या अधूनमधून खेळणाऱ्यांना होणारी ही खास दुखापत. पाय टेकू नका, तडक अस्थिरोगतज्ज्ञाकडे.

१२ जून २०२१ ला युरो स्पर्धेत डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला तेव्हा छाती दाबण्याचे उपचार (सीपीआर) आणि विजेचा झटका जागच्या जागी मिळाले म्हणून तो वाचला, आणि पुढे पुन्हा खेळलाही. तुमच्या ग्रुपमधल्या निदान दोघांना सीपीआर यायला हवा: छातीच्या मध्यावर, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. दुसऱ्यानं १०८ लावायचा. टर्फचा नेमका पत्ता सगळ्यांना सांगता येतो का, एकदा विचारून बघा. आमच्यातल्या निम्म्यांना 'त्या मिसळवाल्याच्या मागे' एवढंच येत होतं.

९. घरची परवानगी

याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि निम्मे लोक इथंच गळतात. रविवारची सकाळ घराची असते: भाजी, मुलांचे कपडे, सासूबाईंची तपासणी. तुम्ही साडेआठला घामाघूम येऊन सोफ्यावर पसरलात आणि 'चहा मिळेल का' म्हणालात, तर तिसऱ्या रविवारी फुटबॉल बंद. आमच्याकडे ठरलंय ते असं: रविवारची सकाळ माझी, शनिवारची तिची. येताना भाजी मी आणतो. बूट बाहेरच झटकायचे, कारण ते काळे रबरी दाणे वॉशिंग मशिनपासून गादीपर्यंत कुठंही सापडतात. आणि खेळानंतरचा नाश्ता अकरापर्यंत लांबवायचा नाही. तर्रीदार मिसळ, दोन जादा पाव आणि वर जिलेबी एवढं झालं की घाम गाळलेला सगळा हिशेब उलटा फिरतो, तो मुद्दा वेगळाच.

१०. सोडायची वेळ आली तर

बदली होते, गुडघा ऐकत नाही, टीम आवडेनाशी होते. गुपचूप ग्रुपमधून बाहेर पडू नका. कॅप्टनला फोन करा, महिन्याचे राहिलेले पैसे द्या, जमलं तर तुमच्या जागी एक माणूस देऊन जा. गुडघ्यासाठी थांबत असाल तर तसं सांगा. स्कोअर ठेवायला आणि शिट्टी वाजवायला माणूस नेहमीच कमी असतो. आणि ग्रुपचे बिब तुमच्याकडे असतील तर धुऊन परत करा.